बारा रंग आणि एक निळा दिवा

१/
अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील कॅम्डन शहर. १९४६ चे वर्ष सरून १९४७ उजाडत होते. तेथील संघीय न्यायालयात एका प्रकाशयंत्रावर खटला चालू होता. या यंत्राच्या रंगीत प्रकाशाने आपले झटके बरे झाले, असे सांगण्यासाठी एक साक्षीदार उभा राहिला. साक्ष चालू असतानाच भर न्यायालयात त्याला अपस्माराचा झटका आला.

२/
यंत्राचे नाव होते स्पेक्ट्रो-क्रोम आणि ते बनवणारा आरोपी मूळचा मुंबईकर होता: दिनशा पेस्तनजी घडियाली. मेंदूचे विकार प्रकाशाने बरे होतात, हा दावा आज नव्या नावाने आणि नव्या यंत्रांसह पुन्हा ऐकू येतो. निकट-अवरक्त, म्हणजे नियर-इन्फ्रारेड प्रकाशाची शिरस्त्राणे स्मृतिभ्रंश, कंपवात, पक्षाघात अशा विकारांसाठी विकली जातात. या दाव्याचा इतिहास मुंबईपासून गोंदियापर्यंत कसा पोहोचतो, ते या धाग्यात.

३/
घडियालींचा जन्म १८७३ चा, मुंबईतील पारशी कुटुंबातला. लहानपणापासून त्यांना यंत्रांची आणि विजेची ओढ होती. १८९६ मध्ये ते अमेरिकेला जाऊन आले. क्ष-किरणांचा शोध तेव्हा जेमतेम काही महिन्यांचा होता. डोळ्यांना न दिसणारे किरण मांसातून आरपार जाऊन हाडांचे चित्र उमटवतात, ही गोष्ट त्या पिढीला चमत्कारासारखी वाटत होती. जो प्रकाश शरीराच्या आत पोहोचतो तो शरीर बरेही करू शकेल, ही कल्पना त्या काळी मुळीच वेडगळ नव्हती.

४/
त्याच सुमारास मुंबईवर प्लेगचे संकट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात पहिले रुग्ण आढळले आणि काही महिन्यांत शहर ओस पडू लागले. वाल्डेमार हाफकिन हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका छोट्या प्रयोगशाळेत लस तयार करू लागले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. एका माणसाला काही झाले नाही, यावरून मात्र लस उपयोगी आहे असे सिद्ध होत नव्हते.

५/
म्हणून पुढची पायरी आली भायखळ्याच्या तुरुंगात. तेथे प्लेग शिरला होता. ज्या कैद्यांनी तयारी दाखवली त्यांना लस देण्यात आली, बाकीच्यांना नाही. दोन्ही गट एकाच भिंतीआड राहत होते, एकच अन्न खात होते, एकाच साथीला तोंड देत होते. काही दिवसांनी आकडे समोर ठेवले गेले: लस न घेतलेल्यांत रुग्ण आणि मृत्यू स्पष्टपणे अधिक होते. आजच्या कसोटीवर हा प्रयोग निर्दोष ठरणार नाही. कैद्यांच्या संमतीला किती अर्थ होता, हा प्रश्नही उरतोच. परंतु त्यात एक मोलाची गोष्ट होती. उपचार घेतलेल्यांशेजारी उपचार न घेतलेले उभे केले होते.

६/
घडियालींच्या स्वतःच्या सांगण्यानुसार त्यांचा पहिला प्रकाशोपचारही त्याच वर्षीचा, १८९७ चा. एका मित्राची भाची आतड्याच्या विकाराने मरणपंथाला लागली होती. घडियालींनी जांभळट निळ्या काचेतून कंदिलाचा प्रकाश तिच्यावर पाडला आणि त्याच रंगाच्या भांड्यात उन्हात ठेवलेले दूध तिला पाजले. तीन दिवसांत ती उठून बसली, असे ते सांगत.

ती मुलगी खरोखरच बरी झाली असेल. पण कशाने? जुलाब आपोआप थांबले, आधीच्या औषधाचा गुण आला, की निळ्या प्रकाशाचा? तिच्याशेजारी दुसरे कोणी उभे नव्हते. एकाच वर्षी दोन प्रयोग झाले आणि त्यांतून दोन अगदी वेगळ्या वाटा निघाल्या.

७/
घडियालींनी आपली कल्पना हवेतून आणली नव्हती. १८७० च्या दशकात अमेरिकेत जनरल ऑगस्टस प्लेझन्टन यांनी निळ्या काचेखाली द्राक्षे जोमाने वाढतात असे जाहीर केले आणि घराघरांत निळ्या काचा बसवण्याची लाट आली. १८७८ मध्ये एडविन बॅबिट यांनी रंग आणि रोग यांची सांगड घालणारा जाडजूड ग्रंथ लिहिला. घडियालींवर त्याचा मोठा प्रभाव पडला.

८/
त्याच काळात प्रकाशाचा खरा औषधी उपयोगही सिद्ध होत होता. कोपनहेगनचे डॉ. नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर कार्बन-कमानीच्या दिव्याचा एकवटलेला प्रकाश वापरला. वर्षानुवर्षे चेहरा खाऊन टाकणारा हा रोग अनेक रुग्णांत आटोक्यात आला आणि १९०३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फिन्सेन यांना मिळाले. त्यांचा दावा एका रोगापुरता होता. घडियालींचा दावा पुढे सर्वच रोगांना कवेत घेणार होता.

९/
१९११ मध्ये घडियाली कुटुंबासह अमेरिकेत गेले आणि १९१७ मध्ये तेथील नागरिक झाले. १९२० मध्ये त्यांनी स्पेक्ट्रो-क्रोम जगापुढे आणले. एका पेटीत प्रखर विजेचा दिवा आणि त्यापुढे सरकवायच्या रंगीत काचा, इतकीच त्याची रचना. काचांची अदलाबदल करून तांबड्यापासून किरमिजीपर्यंत बारा रंग मिळत. प्रत्येक रोगाला एक किंवा अनेक रंग नेमून दिलेले. रुग्णाने अंधाऱ्या खोलीत विवस्त्र होऊन, डोके उत्तरेला करून, चंद्रसूर्याच्या गतीवरून काढलेल्या वेळी त्या प्रकाशात बसावयाचे.

१०/
निदान नको, औषध नको, शस्त्रक्रिया नको, असे हे तत्त्वज्ञान होते. त्याचे आकर्षण समजून घेतले पाहिजे. प्रतिजैविके अजून आली नव्हती. डॉक्टरांची फी अनेकांच्या आवाक्याबाहेर होती आणि शस्त्रक्रिया जीवघेणी ठरत असे. अशा वेळी घरातल्या घरात, वेदनेशिवाय, स्वतःच्या हाताने करता येणारा उपचार कोणाला नको असेल? संस्थेचे हजारो सभासद झाले. त्यांत सामान्य गृहस्थ होते, तसे काही डॉक्टरही होते.

११/
अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने १९२४ मध्येच या यंत्रावर कडक टीका केली. परंतु १९३१ मध्ये बफेलो येथे घडियालींवर फसवणुकीचा खटला झाला तेव्हा ते निर्दोष सुटले. त्यांच्या बाजूने फिलाडेल्फियाच्या महिला रुग्णालयात काम केलेल्या शल्यचिकित्सक डॉ. केट बाल्डविन यांनी साक्ष दिली होती. त्या भाड्याने आणलेल्या साक्षीदार नव्हत्या. आपले रुग्ण प्रकाशाने बरे होताना पाहिल्याची त्यांची प्रामाणिक खात्री होती. या कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. सुशिक्षित आणि अनुभवी डोळेही केवळ पाहण्यावर विसंबले की फसू शकतात.

१२/
१९३८ मध्ये अमेरिकेत अन्न, औषधे व सौंदर्यप्रसाधने यांचा नवा कायदा आला. वैद्यकीय उपकरणे प्रथमच त्याच्या कक्षेत आली. यंत्रावर किंवा सोबतच्या पुस्तिकेत खोटा दावा केल्यास तो आता गुन्हा ठरत होता. कॅम्डनचा खटला उभा राहिला तो याच कायद्याखाली.

सरकारी पक्षाने बरे झालेल्यांच्या यादीतील माणसे शोधून काढली. त्यांतील काही अजूनही आजारी होती, काही या जगात नव्हती. इन्सुलिन सोडून रंगीत दिव्यावर विसंबलेल्या मधुमेही रुग्णाच्या मृत्यूची हकीकत न्यायालयापुढे आली. आणि त्याच दालनात अपस्माराचा तो साक्षीदार कोसळला.

१३/
तो साक्षीदार खोटे बोलत होता काय? बहुधा नाही. अपस्माराचा स्वभावच असा की दोन झटक्यांमध्ये दिवस, महिने, कधी वर्षेही जातात. झटका येऊन गेल्यावर माणूस उपाय शोधतो आणि त्यानंतरचा शांत काळ त्या उपायाच्या खाती जमा होतो. आपल्याकडे झटका आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवतात, त्याचे श्रेयही असेच ठरते. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो.

१४/
यात गमावले काय जात होते, हे पाहिल्यावर प्रकरणाचे गांभीर्य कळते. अपस्मारावर फेनोबार्बिटल १९१२ पासून उपलब्ध होते. १९३८ मध्ये फेनिटॉइन आले. झोप न आणता झटके रोखणारे ते पहिले महत्त्वाचे औषध. मधुमेहासाठी इन्सुलिन १९२२ पासून वापरात होते. म्हणजे खटल्याच्या वेळी या दोन्ही रोगांवर परिणामकारक औषधे अस्तित्वात होती. रंगीत प्रकाशाने थेट कोणाला भाजले नसेल. परंतु तो ज्या औषधाच्या जागी बसला त्या औषधाची उणीव प्राणघातक ठरली.

१५/
१९४७ मध्ये घडियाली दोषी ठरले. २०,००० डॉलर दंड आणि पाच वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. मुदत संपताच १९५३ मध्ये त्यांनी नव्या नावाने संस्था काढली. अखेर १९५८ मध्ये न्यायालयाने कायमचा मनाई हुकूम दिला. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रकाशोपचाराची कथा येथेच संपली असे वाटेल. परंतु मनाई हुकुमाच्या त्याच वर्षी, १९५८ मध्ये, ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एक शोधनिबंध छापून आला. त्याचा विषय होता: प्रकाशाने होणारा उपचार.

१६/
या निबंधाची सुरुवात झाली एका परिचारिकेपासून. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील रॉचफोर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सांभाळत. कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवते, अशी त्यांची समजूत होती. म्हणून चांगल्या दिवशी त्या बाळांना अंगणात नेत. १९५६ मधील एका फेरीत त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडून दाखवले. त्याचे सारे अंग फिकट झाले होते, परंतु एक त्रिकोणी तुकडा गडद पिवळा होता. त्या जागेवर चादरीचे टोक आले होते.

१७/
येथे कोणीही मुद्दाम प्रयोग केला नव्हता. तरीही भायखळ्याच्या तुरुंगात जे दोन गट होते, ते येथे एकाच बाळाच्या त्वचेवर शेजारी शेजारी उमटले होते: ऊन लागलेला भाग आणि न लागलेला भाग. बाळ तेच, रक्त तेच, दिवस तोच. फरक फक्त प्रकाशाचा.

पुढे काही आठवड्यांनी काविळीच्या बाळाच्या रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहून गेली. तिच्यातील बिलिरुबिनचे मोजमाप अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले. चूक झाली म्हणून ते सोडून देण्याऐवजी पुन्हा मोजण्यात आले, आणि प्रकाशाने बिलिरुबिन बदलते हे स्पष्ट झाले.

१८/
डॉ. रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग पाळण्यावर दिव्यांच्या नळ्या बसवल्या, प्रकाशापूर्वी आणि प्रकाशानंतर रक्त तपासले आणि १९५८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तरीही जगाने लगेच विश्वास ठेवला नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत जेरोल्ड ल्यूसी यांच्या गटाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट करून तुलना प्रसिद्ध केली. त्यानंतर हा उपचार सर्वत्र पसरला. अंगणातल्या एका निरीक्षणापासून स्वीकृत उपचारापर्यंत बारा वर्षे लागली.

१९/
याचा मेंदूशी संबंध काय? नवजात बाळाचे यकृत कच्चे असते. जुन्या रक्तपेशी फुटून निर्माण होणारे पिवळे बिलिरुबिन ते पुरेशा वेगाने बाहेर टाकू शकत नाही. प्रमाण फार वाढले तर हे द्रव्य मेंदूत शिरते आणि हालचाल व श्रवण सांभाळणाऱ्या केंद्रांची हानी करते. बाळ जगलेच तर बहिरेपणा आणि अवयवांवरील ताबा सुटणे, हे आयुष्यभर राहते. निळा प्रकाश, विशेषतः ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, त्वचेतील बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो. बदललेला रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि पित्तावाटे व मूत्रावाटे निघून जातो. हा प्रकाश मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मेंदूकडे निघालेले विष तो वाटेतच अडवतो.

२०/
म्हणजे मेंदू वाचवणारा सिद्ध प्रकाशोपचार जगात आहे, आणि तो गोंदियातही आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा झाडीपट्टीतला जिल्हा: आठ तालुके, धानाची शेते, तलाव, आणि देवरी-सालेकसाकडे दाट होत जाणारे जंगल. २०१६ मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि शहरातील बाई गंगाबाई महिला रुग्णालय त्याला जोडले गेले. अशा रुग्णालयांच्या विशेष नवजात शिशू कक्षात डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली झोपवलेली बाळे दिसतात. त्या दिव्याचा पूर्वज म्हणजे रॉचफोर्डचे अंगण.

२१/
बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरण्याची रीत आपल्या घरांतून पूर्वापार आहे. सिस्टर वॉर्डही वेगळे काही करत नव्हत्या. तथापि दोहोंत एक फरक पडला. त्यांच्या रुग्णालयात त्या उन्हाचे मोजमाप झाले आणि मोजमापातून मात्रा ठरली. किती प्रकाश, कोणत्या तरंगलांबीचा, किती तास आणि कोणत्या आकड्याला थांबायचे, हे सारे निश्चित झाले. म्हणूनच पहिल्या चोवीस तासांत दिसलेली किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ अंगणातल्या उन्हावर सोपवायची नसते. बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

२२/
आता आजच्या शिरस्त्राणांकडे वळू. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या वर्णपटात तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वाधिक चढला. हाच अवरक्त प्रकाश. त्यातील तांबड्याला लागून असलेला पट्टा तो निकट-अवरक्त. टीव्हीचा रिमोट याच प्रकाशात बोलतो. रक्त आणि पाणी हा पट्टा तुलनेने कमी शोषतात, म्हणून तो शरीरात खोलवर जातो. १९७७ मध्ये फ्रान्स यॉब्सिस यांनी या प्रकाशाने कवटीबाहेरून मेंदूतील प्राणवायूचा अंदाज घेता येतो हे दाखवले. मोजण्यासाठी तो आजही वापरला जातो.

२३/
बरे करण्याची कल्पना हंगेरीतून आली. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टचे एन्द्रे मेस्टर लेसरचा उंदरांवर काय परिणाम होतो ते पाहत होते. लेसर दुबळा होता; त्यामुळे इजा झाली नाही, उलट भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. पुढे पेशींच्या ऊर्जाकेंद्रातील एक विकर हा प्रकाश शोषते आणि पेशीला अधिक ऊर्जा मिळते, असा सिद्धान्त मांडला गेला. कर्करोगाच्या उपचारांत तोंडात होणाऱ्या वेदनादायी व्रणांसाठी मंद लेसरची शिफारस आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. म्हणजे ही वाट सर्वस्वी थोतांडाची नाही. प्रश्न मेंदूचा आहे.

२४/
त्या प्रश्नाला सर्वांत मोठी कसोटी लागली पक्षाघातात. सशांवरील प्रयोग आशादायक होते. मग ‘नेस्ट’ नावाच्या चाचण्या झाल्या. पक्षाघातानंतर चोवीस तासांच्या आत रुग्णाचे केस काढून डोक्यावर वीस ठिकाणी ८०८ नॅनोमीटरचा लेसर द्यायचा. दुसऱ्या गटाला सारे तसेच, फक्त लेसर बंद. २००७ मध्ये पहिल्या चाचणीचे निकाल आले: १२० रुग्ण; लेसर गटात ७० टक्के तर दुसऱ्या गटात ५१ टक्के जणांचा परिणाम चांगला. वृत्त उत्साहवर्धक होते. येथेच थांबले असते तर आज जगभर लेसर विकले गेले असते.

२५/
संशोधक थांबले नाहीत. दुसऱ्या चाचणीत ६६० रुग्ण घेतले. २००९ मध्ये आलेल्या निकालात फरक इतका कमी भरला की तो योगायोगाचा असू शकत होता. तिसरी चाचणी १,००० रुग्णांची ठरली होती. मध्यावर स्वतंत्र समितीने आकडे पाहिले आणि पुढे जाण्यात अर्थ नाही असे सांगितले. २०१२ मध्ये ती थांबली. लेसर लावलेले आणि न लावलेले रुग्ण जवळपास सारखेच होते. कोणावर खटला भरला गेला नाही, कोणी तुरुंगात गेले नाही. आपलाच दावा आपल्याच हाताने तपासून तो टिकला नाही, हे त्यांनी छापून जाहीर केले.

२६/
स्मृतिभ्रंश, कंपवात, डोक्याच्या दुखापती यांवर निकट-अवरक्त प्रकाशाचे अभ्यास अजून चालू आहेत. त्यांतील बरेचसे मोजक्या रुग्णांवरचे आहेत आणि अनेकांत तुलनेचा गटच नाही. बाहेरून टाकलेल्या प्रकाशातील फारच थोडा अंश केस, त्वचा आणि कवटी ओलांडून मेंदूपर्यंत पोहोचतो, ही अडचण वेगळीच. उद्या एखादी मोठी चाचणी यशस्वी होईलही. परंतु जाहिरातींतील भाषा उद्याची वाट पाहत नाही. ‘यांना गुण आला, त्यांना गुण आला’ ही तिची रीत १९३१ च्या बफेलोतील साक्षींपेक्षा फारशी वेगळी नाही.

२७/
या प्रश्नाची झळ सर्वांत आधी पोहोचते ती दूरच्या गावांना. अर्जुनी-मोरगाव किंवा सालेकसा तालुक्यातील एखाद्या घरात कोणाला लकवा मारला तर रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्या घराला हवी असते १०८ ची रुग्णवाहिका, तपासणीयंत्र आणि नंतर महिनोन्‌महिने व्यायामोपचार. झटक्यांच्या रुग्णाला हवी असते रोजची स्वस्त गोळी, न चुकता. धान विकून आलेला पैसा शिरस्त्राणावर गेला तर तो यांतीलच कशातून तरी कमी होतो. घडियालींच्या बारा रंगांची खरी किंमतही अशीच, सोडून दिलेल्या औषधाच्या रूपाने चुकवावी लागली होती.

२८/
मुंबईतील ती छोटी प्रयोगशाळा वाढत गेली आणि १९२५ पासून परळची हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. स्पेक्ट्रो-क्रोमच्या पेट्या आज संग्रहालयांत ठेवल्या जातात. दोन्ही कथांच्या मुळाशी १८९७ हे वर्ष आहे, आणि दोन्ही माणसे आपापल्या उपायावर मनापासून विश्वास ठेवणारी होती. फरक पडला तो एका प्रश्नाने: ज्यांना हे दिले नाही, त्यांचे काय झाले?

२९/
गोंदियात आज रात्रीही एखादे बाळ निळ्या दिव्याखाली झोपलेले असेल. काचेबाहेर उभ्या असलेल्या आईला १९५६ चे अंगण, चादरीचे टोक किंवा खिडकीत राहिलेली रक्ताची नळी ठाऊक नसेल. ठाऊक असण्याची गरजही नाही. सकाळी परिचारिका रक्त तपासून आकडा सांगेल. आकडा उतरला असेल तर दिवा बंद होईल आणि बाळ आईच्या कुशीत जाईल.

(धागा समाप्त. पुढे पाठवायचा असेल तर पूर्ण पाठवावा.)